मदत हवी आहे: सात वर्षांची मुलगी खाणं लपवून ठेवते

नमस्कार. आम्ही पुण्यात सिंहगड रोडला राहतो. घरात मी, नवरा, सासूबाई आणि लेक. लेक गेल्या वर्षी दत्तक प्रक्रियेतून आमच्याकडे आली, त्याआधी बालगृहात होती. बडबडी आहे, शाळेत छान रमली आहे. फक्त खाण्याच्या बाबतीत जे चाललंय ते आम्हाला उमगत नाही, म्हणून हा धागा.

परवा चादरी बदलताना मुंग्यांची रांग दिसली, ती थेट उशीच्या अभ्र्यात जात होती. आत अर्धी पोळी, नीट चौकोनी घडी घातलेली, हिरवी बुरशी आलेली. शेजारी वहीच्या कागदात बांधलेले गुळाचे खडे. कंपासपेटीत पेन्सिलींखाली शेंगदाणे. रात्री पाणी प्यायला म्हणून उठते आणि अंधारात ओट्यापाशी उभी राहून गार भात भराभर गिळते, चावतही नाही. दिवा लावला की हात पाठीमागे. ओठाला शीत चिकटलेलं असतं तरी "मी नाही खाल्लं." जेवायला पोटभर वाढतो, कधी नाही म्हटलेलं नाही.

नवऱ्याचं म्हणणं, कपाटाला कुलूप लावू. शेजारच्या काकू म्हणतात, खोड आत्ताच मोडा. मला हे अजिबात पटत नाही. पोळीची घडी घालून उशीत ठेवणारं पोर लबाड नसतं, घाबरलेलं असतं.

सासूबाई माण तालुक्यातल्या. १९७२ च्या दुष्काळात दहा-बारा वर्षांच्या होत्या. आई खडी फोडायला जायची, घरात यायची ती दुष्काळी कामावर मिळणारी सुकडी आणि मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीची, लाल भाकरी. आज फ्रीज भरलेला असतो, तरी त्यांच्या पलंगाखाली पत्र्याच्या डब्यात भाकरीचे वाळवलेले तुकडे असतातच. त्या एवढंच म्हणाल्या, "तिला रागावू नका गं. उद्याही मिळणार आहे, हा भरवसा बसायला वेळ लागतो."

दत्तक संस्थेच्या ताई दर सहा महिन्यांनी पाठपुराव्याला येतात. त्यांना सांगू का? पोरीबद्दल उलटसुलट नोंद होईल, अशी धास्ती वाटते. डॉक्टर आधी कोणते गाठायचे? आणि सापडलेलं खाणं तिच्यासमोर टाकायचं की गुपचूप?

प्रतिसाद (दत्तक मुलाचा बाबा)
ताईंना बिनधास्त सांगा. दोन वर्षांचा पाठपुरावा असतो तो याचसाठी. मूल रुळताना अडचण आली तर समुपदेशनाची सोय करणं हे संस्थेचं कामच आहे.

कुलूप नको. अमेरिकेत जेनिफर फिशर आणि लीअन बर्च यांचा १९९९ चा अभ्यास आहे. खाऊ समोर दिसतोय पण हात लावायचा नाही, असं केलं की मुलांचं सगळं लक्ष त्याच खाऊकडे लागतं आणि मोकळीक मिळताच तो जास्त खाल्ला जातो. ती तर पोटभर जेवणाऱ्या घरांतली मुलं होती. तुमच्या लेकीनं काय सोसलंय ते तिलाच माहीत.

आम्ही लेकाच्या हाताला येईल असा एक डबा ठेवला. शेंगदाणे, चुरमुरे, राजगिऱ्याचा लाडू, वर एखादं केळं. संपला की भरायचा, हिशोब विचारायचा नाही. शिवाय दर दोन-तीन तासांनी खाणं, ठरल्या वेळेला. शिळं सापडलं तर "हे खराब झालंय, चल ताजं ठेवू" म्हणत त्याच्या हातानं बदलायचं. गुपचूप अजिबात टाकू नका, ठेवलेलं नाहीसं झालं की मूल आणखी लपवतं. लपवणं थांबायला वेळ लागला, आणि मध्ये आजारी पडला तेव्हा पुन्हा सुरू झालं होतं. धीर सोडू नका.

प्रतिसाद (नर्स)
आधी बालरोगतज्ज्ञ. वजन-उंचीचा आलेख, हिमोग्लोबिन, जंत हे बघून घ्या. सतत तहान, वारंवार लघवी आणि खाऊनही वजन उतरत असेल तर त्याच दिवशी रक्तातली साखर तपासा. कितीही खाल्लं तरी पोट भरल्याची जाणीवच नाही, तान्हेपणी अंग फार ढिलं होतं, उंची खुंटली, असं काही असेल तर प्राडर-विलीबद्दल विचारा. पंधराव्या गुणसूत्रातल्या बिघाडानं होणारा दुर्मीळ आजार आहे. त्यात मात्र खाणं कुलपात ठेवावं लागतं, तो उपचाराचाच भाग असतो. म्हणून तपासणी आधी, निष्कर्ष नंतर.

प्रतिसाद
मी चाळिशीची. लहानपणी वजनावरून माझ्या ताटावर घरभराचे डोळे असायचे. मोठेपणी पार्किंगमध्ये गाडीत बसून खायचे आणि रिकामी पाकिटं ऑफिसच्या केराच्या टोपलीत टाकायचे. हात थांबतच नसे, नंतर स्वतःची शिसारी यायची. मानसोपचारतज्ज्ञांनी सांगितलं, याला बिंज इटिंग म्हणतात. २०१३ पासून अमेरिकी मानसोपचाराच्या निदानपुस्तिकेत हा स्वतंत्र आजार आहे आणि त्याला उपचार आहेत. मोठ्यांपैकी कुणी हे वाचत असेल तर १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर (सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन) मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. आणि ताई, लेकीच्या खाण्यावर पाहुण्यांसमोर एक शब्दही काढू देऊ नका.

धागाकर्ती
सगळ्यांचे मनापासून आभार. नवऱ्याला हे प्रतिसाद वाचायला दिले, कुलपाचा विषय संपला. डॉक्टरांची वेळ घेतली आहे. डबा आणायला सासूबाई तिला तुळशीबागेत घेऊन जाणार आहेत, ती निवडेल तो घ्यायचा. आता एकच विचारते: वर्गात ती दुसऱ्यांच्या डब्यातलंही उचलते. बाईंना किती सांगावं? दत्तक असल्याचं शाळेत सगळ्यांना माहीत नाही, आणि ते सांगायचं की नाही हे मोठी झाल्यावर तिनं ठरवावं असं मला वाटतं.