अमेरिकेतली चर्च भरतात, स्वीडनमधली ओस : अर्थशास्त्राचं उत्तर कितपत टिकतं? (चौघांचा संवाद; पर्णकुटी, आकडेमोड, रकाना आणि सुगी ही त्यांची टोपणनावं)

पर्णकुटी
सरकारी पगारावरचा पाद्री सुस्तावतो आणि भाविकांच्या देणगीवर जगणारा झटून काम करतो, हे अ‍ॅडम स्मिथने १७७६ मध्येच लिहिलं. लॉरेन्स आयनाकोन, रॉजर फिंकी आणि रॉडनी स्टार्क या अभ्यासकांनी त्यावर सिद्धान्त उभा केला : जिथे पंथांची स्पर्धा जास्त, तिथे लोकांचा सहभाग जास्त. अमेरिका आणि स्वीडन शेजारी ठेवले की पटतं. पण पोलंड किंवा १९७० च्या दशकातलं आयर्लंड घ्या. एकाच चर्चची मक्तेदारी, तरी रविवारी पाय ठेवायला जागा नाही. मग स्पर्धेचा मुद्दा सोडून द्यायचा का? आणि तपासायचा तर आकडे कसे लावायचे?

आकडेमोड
सोडू नका, पण त्याचा जो पुरावा पुढे केला जायचा, त्यातल्या बऱ्याच भागाचा पाया २००२ मध्ये निखळला. वोआस, ओल्सन आणि क्रॉकेट या संशोधकांनी दाखवलेली चूक कागदावर करून बघा, नाहीतर तुम्हीही तीच कराल.

गाव 'अ' : लोकसंख्येच्या ३० टक्के कॅथलिक, १० बाप्टिस्ट, १० मेथडिस्ट. सहभाग ५० टक्के. या ५० मधले वाटे ०.६, ०.२, ०.२. त्यांच्या वर्गांची बेरीज ०.४४, ती १ मधून वजा केली की विविधतेचा निर्देशांक ०.५६ (तो जितका मोठा, तितकी पंथांची स्पर्धा जास्त असं धरतात).
गाव 'ब' : कॅथलिक ५०, बाकीचे तेवढेच. सहभाग ७०, निर्देशांक ०.४५.
गाव 'क' : कॅथलिक ३०, बाकी दोघे २०-२०. सहभाग ७०, निर्देशांक ०.६५.

'अ' आणि 'ब' एवढीच गावं हाती लागली तर स्पर्धेने सहभाग घटतो असं दिसेल, 'अ' आणि 'क' लागली तर वाढतो असं. कुठल्या पाद्र्याने चार घरं जास्त पालथी घातली, असं आपण कुठेही धरलेलं नाही. सहभाग आणि निर्देशांक दोन्ही त्याच आकड्यांतून निघतात. मोठा पंथ गावोगावी जास्त कमी-अधिक होत असेल तर सहसंबंध उणा येतो, लहान पंथ होत असतील तर अधिक. म्हणून हा निर्देशांक समीकरणात घालूच नका.

त्यापेक्षा बाहेरून कायदा बदलला तो क्षण पकडा. १ जानेवारी २००० रोजी स्वीडनमध्ये चर्च सरकारपासून वेगळं झालं. सिद्धान्ताप्रमाणे हळूहळू का होईना जाग यायला हवी होती. तेव्हा ८० टक्क्यांहून जास्त लोक सदस्य होते, आता जेमतेम निम्मे उरलेत. उलट अमेरिकेत कायदा होता तिथेच आहे, तरी गॅलप या पाहणी-संस्थेच्या आकड्यांत कुठल्या तरी प्रार्थनास्थळाचे सदस्य असलेले लोक १९९९ मध्ये ७० टक्के होते, ते २०२० मध्ये ४७ टक्क्यांवर आले. दोन्ही घसरणी नुसत्या स्पर्धेने सुटत नाहीत.

रकाना
स्पर्धेऐवजी धर्म पाळण्याची किंमत बघा, म्हणजे पैसा आणि वेळ दोन्ही.

जर्मनीत चर्च कर आयकराच्या ९ टक्के, बायर्न आणि बाडेन-व्युर्टेम्बर्ग या राज्यांत ८ टक्के. वर्षाचा आयकर १०,००० युरो असेल तर ९०० किंवा ८०० युरो. (वसई किंवा गोव्याहून गेलेल्या कॅथलिक माणसाने पत्ता नोंदवताना धर्माच्या रकान्यात खरं लिहिलं की पगारातून कर कापायला सुरुवात होते. हिंदू लिहिणाऱ्याला तो लागत नाही.) चर्चमधून बाहेर पडायचं तर बहुतेक राज्यांत कोर्टात किंवा नोंदणी कार्यालयात जाऊन तसं जाहीर करावं लागतं.

२०१४ मध्ये बँकांनी ग्राहकांना कळवलं की गुंतवणुकीच्या उत्पन्नावरचा चर्च कर पुढच्या वर्षापासून परस्पर कापला जाईल. कर जुनाच, वसुलीची रीत तेवढी नवी. कॅथलिक चर्च सोडणारे २०१३ मध्ये सुमारे १.७९ लाख होते, २०१४ मध्ये सुमारे २.१८ लाख झाले. त्या दिवसांत एका बिशपच्या उधळपट्टीचं प्रकरणही पेटलं होतं, त्यामुळे सगळी वाढ कराच्या खात्यावर टाकू नका. आणि हा आकडा सदस्यत्वाचा आहे, हजेरीचा नाही. या दोहोंची गल्लत फार होते.

वेळेच्या किमतीचा पुरावा जास्त स्वच्छ आहे. अमेरिकेत ज्या राज्यांनी रविवारी दुकानं बंद ठेवण्याचे कायदे उठवले, तिथे चर्चची हजेरी आणि देणग्या दोन्ही घटल्याचं ग्रुबर आणि हंगरमन या अर्थतज्ज्ञांनी २००८ मध्ये दाखवलं.

सुगी
पोलंड आणि आयर्लंडचं कोडं मागणीच्या बाजूने सुटतं. परकी सत्ता डोक्यावर असताना तिथे चर्च हेच राष्ट्राचं घर होतं. सत्ता गेल्यावरही ही ओळख काही दशकं टिकली, ती सैल झाली तशी आयर्लंडमधली हजेरी ओसरली.

मागणीचा दुसरा भाग विम्याचा, म्हणजे अडचणीत धर्माच्या समूहाचा आधार मिळण्याचा. १९९७-९८ च्या आर्थिक संकटात इंडोनेशियात ज्या कुटुंबांना जास्त झळ बसली, ती कुराण अभ्यासवर्गांकडे जास्त वळली. जिथे कर्ज मिळत होतं तिथे हा परिणाम कमी दिसला. डॅनियल चेन यांचं हे काम मला सगळ्यात पटतं, कारण त्यात धर्माचा पर्याय, म्हणजे कर्ज, तोही मोजलेला आहे.

पर्णकुटी
निर्देशांक वगळतो. पण महाराष्ट्रात पाहणी करायची तर हजेरी मोजायची कशी? देव्हारा घरातच असतो.

सुगी
हजेरी मोजू नका. 'देव मानता का' हेही विचारू नका : प्यू संस्थेच्या २०१९-२० च्या भारतातल्या पाहणीत ९७ टक्के 'हो' आले, त्यातून फरक काय काढणार? दिवस आणि रुपये विचारा.

वारी घ्या. दिंडीत भिशी, म्हणजे जेवणखर्चाची वर्गणी, भरावी लागते. माळ घातली की एकादशी आली, मांस-मद्य सुटलं. आयनाकोन म्हणतो तसं, अशा अटींमुळे फुकटात जेवायला येणारे गळतात आणि उरलेल्यांना एकमेकांचा भरवसा मिळतो. म्हणून माळकरी आणि बिनमाळेचे वेगळे नोंदवा, नाहीतर सरासरी काहीच सांगणार नाही.

मुख्य म्हणजे वारी पेरणीच्या दिवसांत येते आणि तिची तारीख पावसावर ठरत नाही. आषाढी एकादशी २०२३ मध्ये २९ जूनला होती, २०२४ मध्ये १७ जुलैला. शेतकऱ्याला घराबाहेरचा एक दिवस केवढ्याला पडतो, हे या सरकण्याने दरवर्षी बदलतं, आणि ते कुणाच्या श्रद्धेवर अवलंबून नाही. प्रश्नावलीत एवढं घालाच : निघताना पेरणी उरकली होती का, नसेल तर मागे कोणी केली, मजुरी किती गेली, आणि त्या वर्षी पंढरपूरपर्यंत चाललात की मध्येच परतलात.