मेटास्कोअर ८६, पण स्विचवर ७४: हँडहेल्डसाठी परीक्षणं कशी वाचायची?

केतकी_०७

एका मोठ्या ॲक्शन-आरपीजीचा स्विच पोर्ट (निन्टेंडोच्या स्विच या हँडहेल्ड कन्सोलसाठी केलेली आवृत्ती) घ्यायचा विचार आहे. खेळणं मुख्यतः हातात धरून, टीव्हीला क्वचितच. समीक्षकांच्या गुणांची सरासरी देणाऱ्या साइट्सपैकी मेटाक्रिटिकवर (तिचा आकडा म्हणजे मेटास्कोअर) पीएस५ खाली ८६ आहेत, स्विचखाली ७४, आणि ओपनक्रिटिकवर एकच आकडा, ८४. गेम तोच, मग यातला कोणता धरायचा? आणि परीक्षण लिहिणाऱ्याने तो डॉकला (टीव्हीला जोडणाऱ्या स्टँडला) लावून खेळला की हातात धरून, हे कसं ओळखायचं? बऱ्याच ठिकाणी ते लिहिलेलंच नसतं.

दशमान

तुमच्यासाठी ७४ महत्त्वाचा, पण त्याच्या आतही बघावं लागेल.

मेटाक्रिटिक प्रत्येक कन्सोलसाठी वेगळा आकडा काढतं आणि ती भारित सरासरी असते. काही प्रकाशनांच्या गुणांना जास्त वजन असतं, कुणाला किती ते जाहीर केलं जात नाही. ओपनक्रिटिकवर साधी सरासरी असते आणि एका गेमचं एकच पान. त्यामुळे पीएस५ वर खेळून दिलेल्या ९० गुणांत स्विचचे ६५ बुडून जातात. परीक्षणासाठी पाठवल्या जाणाऱ्या प्रती बहुधा मोठ्या कन्सोलच्या आणि पीसीच्या असतात, म्हणून त्या एकत्र आकड्यात हँडहेल्डचा आवाज क्षीण असतो.

रूपांतराचाही घोळ आहे. जी प्रकाशनं अक्षरी श्रेणी देतात त्यांचं ‘बी’ मेटाक्रिटिकवर ७५ होतं, ‘बी उणे’ ६७ आणि ‘सी अधिक’ ५८. लिहिणाऱ्याने ‘बी उणे’ म्हणजे ‘ठीकठाक, आवडला’ असं म्हटलेलं असतं, सरासरीत मात्र ते ओझं होऊन बसतं.

आता ७४ च्या आत बघा. आठ परीक्षणांचे गुण ७२, ७३, ७४, ७४, ७४, ७५, ७५, ७५ असले तरी सरासरी ७४, आणि ९०, ९०, ९०, ८५, ६५, ६०, ६०, ५२ असले तरी ७४च. पहिल्या यादीतला गेम सगळ्यांना सारखाच मध्यम वाटला. दुसऱ्या यादीत मात्र काही जणांना एक ठरावीक गोष्ट नडली आहे, आणि पोर्टच्या बाबतीत ती बहुधा तांत्रिक असते. म्हणून स्विचची यादी उघडून सगळ्यात कमी गुणांची तीन परीक्षणं आधी वाचा. तक्रार कथेबद्दल असेल तर ती आवडीची बाब. तिन्ही जण फ्रेम अडखळण्याबद्दल किंवा धूसर चित्राबद्दल बोलत असतील, तर ते तुमच्याही हातात घडणार आहे.

एकदोन गुणांच्या फरकाला मात्र काही अर्थ नाही. फॉलआउट: न्यू व्हेगास (२०१०) ८४ वर थांबला आणि ८५ ची अट असलेला बोनस तो बनवणाऱ्या ऑब्सिडियनला मिळाला नाही. त्या एका गुणाने गेम चांगला किंवा वाईट ठरत नाही.

फ्रेमगणती

दुसऱ्या प्रश्नाबद्दल. परीक्षणात ‘रिझोल्यूशन’ (चित्रात किती पिक्सेल), ‘फ्रेमरेट’ (सेकंदाला किती फ्रेम, म्हणजे चित्रं) हे शब्द आले तरी ते कोणत्या अवस्थेतले, हे वाचल्याशिवाय उपयोग नाही. मूळ स्विच डॉकमध्ये जास्तीत जास्त १०८० पी (उंचीला १०८० पिक्सेल) चित्र देतो, हातात स्क्रीनच ७२० पी ची आहे, आणि डॉकमधून काढल्यावर ग्राफिक्स चिप कमी वेगाने चालते. दोन्हींचे आकडे वेगळे यायलाच हवेत. ज्या परीक्षणात एकच आकडा आहे, ते अपुरं समजा. विचर ३ चा स्विच पोर्ट (२०१९) घ्या: डॉकमध्ये चित्र ७२० पी पर्यंत, हातात ५४० पी च्या आसपास. तरीही छोट्या स्क्रीनवर तो खूप जणांना बरा वाटला, कारण तीच धूसरता टीव्हीवर जास्त डोळ्यांत येते. म्हणजे फरक दोन्ही बाजूंनी पडू शकतो.

‘३० फ्रेम’ एवढ्यावरही थांबू नका. स्थिर ३० म्हणजे दर फ्रेम ३३.३ मिलिसेकंद. पण एक फ्रेम १६.७ ला आणि पुढची ५० ला आली, तरी सरासरी ३३.३ आणि आकडा ३० च येतो. डोळ्यांना मात्र झटके जाणवतात. याला फ्रेम पेसिंग म्हणतात. जो समीक्षक फ्रेमटाइमचा आलेख दाखवतो त्याच्यावर इथे जास्त भरवसा ठेवावा. गेम्सची तांत्रिक तपासणी करणाऱ्या डिजिटल फाउंड्रीसारख्यांच्या व्हिडिओत ही रेष सपाट आहे की करवतीच्या दातांसारखी, ते दोन मिनिटांत कळतं.

अक्षरांचा आकार ही हँडहेल्डची खरी दुखरी जागा, आणि परीक्षणांत ती एका वाक्यात उरकतात. व्हॉल्व्ह कंपनीच्या स्टीम डेक या हँडहेल्ड पीसीवर गेम नीट चालतो असं सांगणाऱ्या ‘व्हेरिफाइड’ शिक्क्यासाठी तिची अट अशी की १२८० × ८०० वर सगळ्यात लहान अक्षर ९ पिक्सेलपेक्षा कमी उंचीचं नसावं. ७ इंची स्क्रीनवर ९ पिक्सेल म्हणजे जेमतेम १.०६ मिलिमीटर! स्विच लाइटच्या (फक्त हातात धरून खेळायच्या छोट्या स्विचच्या) ५.५ इंची ७२० पी स्क्रीनवर तेवढेच पिक्सेल ०.८६ मिलिमीटर भरतात. तेव्हा एखाद्याने मोठ्या स्क्रीनच्या स्विचवर ‘मजकूर नीट वाचता येतो’ लिहिलं असेल तर ते लाइटला आपोआप लागू होत नाही. तुमच्याकडे कोणता आहे, ते सांगा.

आणि ‘व्हेरिफाइड’ म्हणजे ६० फ्रेमची हमी नव्हे. त्यात नियंत्रणं, मजकूर, सुरुवातीची सेटिंग्ज आणि सिस्टिमशी जुळणं तपासतात. मूळ डेकवर स्क्रीन ४० हर्ट्झला आणून ४० फ्रेमवर खेळता येतं. २५ मिलिसेकंद म्हणजे ३० आणि ६० च्या फ्रेमटाइमच्या बरोबर मधे, शिवाय बॅटरीही वाचते. डेकबद्दलच्या परीक्षणात हा पर्याय तपासलाच नसेल तर लिहिणाऱ्याने घाई केली आहे.

पॅच_वाचक

वर तारखेचा मुद्दा राहिला. परीक्षण कोणत्या दिवसाचं आणि कोणत्या आवृत्तीचं आहे, हे बघितल्याशिवाय गुण वाचू नयेत.

सायबरपंक २०७७ याचं सगळ्यात ठळक उदाहरण. १० डिसेंबर २०२० ला गेम आला. त्याआधी समीक्षकांना फक्त पीसीची प्रत मिळाली होती, त्यामुळे विक्री सुरू होताना दिसणारे ९० च्या आसपासचे आकडे सगळे पीसीचे होते. पीएस४ ची परीक्षणं नंतर आली आणि मेटास्कोअर ५७ वर उतरला, पीसीचा ८६ राहिला. साधारण आठवड्याभरात सोनीने आपल्या स्टोअरवरून गेम काढला, तो जून २०२१ मध्ये परतला. तेव्हा एम्बार्गो (परीक्षणं आधी छापू नयेत हे बंधन) उठला आणि तुमच्या कन्सोलचं एकही परीक्षण दिसत नसेल, तर थांबा. ती गैरहजेरी हीच माहिती आहे.

उलटही होतं. नो मॅन्स स्काय २०१६ मध्ये पीएस४ वर ७१ ला आला. नंतरच्या मोफत अपडेट्सनी तो पार बदलला, पण जुना आकडा तिथेच आहे, कारण मेटाक्रिटिक प्रकाशनाने आधी दिलेले गुणच धरतं, नंतर सुधारलेले नाही. म्हणून जुन्या पोर्टसाठी गुण बाजूला ठेवा आणि पॅच नोट्स (अपडेटमध्ये काय बदललं त्याची यादी) वाचा. ‘स्थैर्य सुधारलं’ एवढंच लिहिलेलं असेल तर फार आशा धरू नका. ‘अमुक भागातला फ्रेमरेट’, ‘मजकुराच्या आकाराचा पर्याय’ असं नेमकं असेल तर तक्रार मिटलेली असण्याची शक्यता बरीच.

चौघांचे_चाळीस

गुणांच्या पट्टीबद्दल थोडं. जपानच्या फामित्सू मासिकात चार जण प्रत्येकी १० पैकी गुण देतात, बेरीज ४० पैकी. पहिले पूर्ण ४० मिळाले १९९८ मध्ये, झेल्डाच्या ओकारिना ऑफ टाइमला. मेटाक्रिटिकवर तोच ९९ वर, सगळ्यांच्या वर आहे. फामित्सूत बेरजेपेक्षा चार सुटे आकडे बघावेत: ९, ९, ८, ८ आणि १०, १०, ७, ७ दोन्हींचे ३४, पण दुसऱ्यात मतभेद उघड दिसतो. एज मासिक सगळी पट्टी वापरतं, त्यांचे ६ म्हणजे नापसंती नव्हे. इतर बऱ्याच ठिकाणी मात्र ७ च्या खाली क्वचित उतरतात. युरोगेमरने २०१५ मध्ये गुणच बंद केले आणि २०२३ मध्ये पाच तारे आणले, त्यामुळे मधल्या काळातली त्यांची उत्तम परीक्षणं कुठल्याच सरासरीत नाहीत. ती शोधून वाचावी लागतात, आणि वाचावीत.

खेळाडूंच्या गुणांवर पहिल्या आठवड्यात विसंबू नका. जून २०२० मध्ये द लास्ट ऑफ अस पार्ट २ वर गेम संपवणं शक्यच नसलेल्या वेळात शून्यांचा पाऊस पडला. त्यानंतर मेटाक्रिटिकने गेम आल्यापासून ३६ तास खेळाडूंचे गुण घेणं थांबवलं.

केतकी_०७

सगळ्यांचे आभार. कन्सोल लाइटच आहे. खालची तीन परीक्षणं वाचली: दोघांची तक्रार लहान अक्षरांची, तिघांची शहरात फ्रेम पडण्याची. ईशॉपवर (निन्टेंडोच्या ऑनलाइन दुकानात) डेमो आहे. त्यात काय तपासू?

फ्रेमगणती

डेमोत बहुधा सुरुवातीचा बंदिस्त भाग असतो, तिथे सगळेच पोर्ट गुळगुळीत चालतात. त्यातल्या त्यात सगळ्यात मोकळी जागा गाठा, उभं राहून कॅमेरा पूर्ण गोल फिरवा, मग धावताना फिरवा. दुसऱ्या वेळी झटका बसला तर शहरात नक्की बसेल. वस्तूंच्या वर्णनाचं पान आणि नकाशा उघडा, नेहमी धरता तेवढ्या अंतरावरून वाचा, सबटायटल्सवर समाधान मानू नका, ती मोठीच ठेवतात. स्क्रीन मोठी करून बघायचा सिस्टिमचा झूम होम बटण दोनदा दाबून मिळतो, पण त्यासाठी सेटिंग्जमध्ये तो आधी चालू करावा लागतो, आणि झूम लावून सरकवत असताना गेमची बटणं चालत नाहीत; होम एकदा दाबून झूम लॉक केला की चालतात, पण स्क्रीनचा काही भाग दिसत नाही. तेव्हा लढाईत त्याचा फारसा आधार नाही, मुख्यतः थांबून वाचताना.

आणि डेमो बहुतेक वेळा जुन्या आवृत्तीचा असतो. अक्षरं लहान वाटली तर पूर्ण गेमच्या पॅच नोट्समध्ये आकाराचा पर्याय नंतर आला आहे का, ते बघूनच ठरवा.