अनुभव धागा : काय लागलं, कुणाला लागलं?

'गाडी लागली' एवढ्यावर काहीच कळत नाही. फलाटाला लागली की पोटाला, हे ठरवायला शेजारी आणखी एखादा शब्द लागतोच. 'लागणं' हे क्रियापद स्वयंपाकघरात, शेतात, मैफिलीत, पंचांगात सगळीकडे आहे आणि निम्म्या म्हणी त्याच्या खांद्यावर आहेत. ज्यांच्या कामात ते रोज येतं त्यांनी इथे लिहावं. नुसती अर्थांची यादी नको. पूर्ण वाक्य द्या, शब्दाला कोणता प्रत्यय लागलाय ते दाखवा, आणि लोक कुठे चुकतात तेही सांगा.

अमराठी प्रौढांना मराठी शिकवणारी

पहिल्याच आठवड्यात फळ्यावर दोन वाक्यं लिहायची : 'मी जायला लागलो' आणि 'मला जायला लागलं'. पहिल्यात सुरुवात आहे, दुसऱ्यात सक्ती. क्रियापद तेच, फरक फक्त 'मी' आणि 'मला'चा. लिखाणात सक्तीसाठी 'मला जावं लागलं' वापरलं की घोटाळा टळतो. बोलताना मात्र 'जायला लागलं' सर्रास चालतं, त्यामुळे कान आधी 'मी' की 'मला' तिकडे वळवावा लागतो.

सक्तीच्या वाक्यात कर्म आलं की दोन्ही शब्द कर्माप्रमाणे बदलतात : पत्र लिहावं लागलं, चिठ्ठी लिहावी लागली, अर्ज लिहावा लागला, चार अर्ज लिहावे लागले. 'मला चिठ्ठी लिहावं लागलं' ही चूक जवळजवळ प्रत्येक जण करतो, कारण लक्ष 'मला'वर असतं. वेळेचंही तसंच : अर्धा तास लागला, दोन तास लागले, दहा मिनिटं लागली. 'दहा मिनिट लागलं' नाही.

तिसरा अर्थ पुस्तकांत क्वचित सापडतो आणि घरात रोज ऐकू येतो. 'ती भाजी निवडू लागली' म्हणजे तिने सुरुवात केली. 'ती आईला भाजी निवडू लागली' म्हणजे तिने आईला मदत केली. आज्ञा असेल तर मदतच समजायची : 'जरा ही गादी उचलू लाग.' ही सोय मला फार मोलाची वाटते. 'मदत' हा शब्द न उच्चारता मदत मागता येते, त्यामुळे मागणाऱ्याला संकोच नाही आणि करणाऱ्यालाही उपकाराचा भार नाही.

हिंदीतून येणाऱ्यांसाठी एक कुंपण आधीच घालून द्यावं. भूक, तहान, झोप, दम, उचकी आणि ठसका लागतात. थंडी मात्र वाजते, भीती वाटते, लाज वाटते, ताप येतो. 'मला असं लागतं' म्हणजे 'माझं असं मत आहे' हे मराठीत होत नाही, तिथे 'वाटतं'च हवं. चवीला पुन्हा 'लागतं' : आमटी छान लागते. 'आमटी छान वाटते' म्हटलं की ती अजून चाखलेली नाही, असा संशय येतो.

म्हणी आणि वाक्प्रचार शिकवणारा शिक्षक

'लेकी बोले सुने लागे.' मुलं इथे हिंदीतलं 'सुने' वाचतात आणि 'लेक बोलते, कुणीतरी ऐकतं' असा अर्थ लावतात. ही जुनी रूपं आहेत : लेकी म्हणजे लेकीला, सुने म्हणजे सुनेला. बोलणं लेकीला, पण झोंबतं सुनेला. 'लागे' इथे घाव लागावा तसा आहे. त्याच घरातला शब्द 'लागट', म्हणजे मनाला बोचणारं बोलणं. 'मनाला लागलं'पेक्षा 'जिव्हारी लागलं' खोल, कारण जिव्हार म्हणजे मर्माची जागा. किरकोळ चेष्टेसाठी 'जिव्हारी' वापरून तो शब्द बोथट करू नये.

'ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला.' ढवळा पांढरा बैल, पवळा दुसऱ्या रंगाचा. वाण म्हणजे रंग, 'वर्ण' शब्दावरून आलेला. शेजारी बांधल्याने रंग बदलला नाही, खोड मात्र उचलली. 'लागणं' इथे संसर्गासारखं आहे, रोगाची लागण होते तसं. चांगल्या संगतीच्या कौतुकाला ही म्हण बसत नाही, तिचा रोख वाईट सवयीकडेच असतो. निबंधात ती हमखास उलटी वापरली जाते.

'तहान लागल्यावर विहीर खणणे' सोपी आहे, पण 'विहिरीला पाणी लागलं' हे शेजारी ठेवलं की मुलांना गंमत दिसते. तहान माणसाला लागते, पाणी विहिरीला. 'पाणी लागलं'चे त्यापुढेही दोन फाटे आहेत. परगावचं पाणी लागलं म्हणजे मानवलं नाही, पोट बिघडलं. शहराचं पाणी लागलं म्हणजे वागणं बदललं.

प्रत्ययाचा खेळ वाक्प्रचारांत सर्वांत चांगला दिसतो. नाद लागला म्हणजे छंद जडला, नादी लागला म्हणजे कुणाच्या तरी कह्यात गेला. वाट लागली म्हणजे सत्यानाश झाला, वाटेला लागला म्हणजे निघाला, मार्गी लागला म्हणजे बस्तान बसलं. आणि 'वाटेला जाऊ नकोस' यात 'लागणं' नाहीच, तिथे अर्थ कुरापत काढण्याचा.

स्वयंपाक शिकवणारी

आमच्याकडे 'लागणं'चे चार अर्थ एकाच ओट्यावर असतात. जुन्या तांदळाला वाटीला सव्वादोन वाट्या पाणी लागतं, नव्याला पावणेदोन पुरतं. हे प्रमाणाचं लागणं. भात खाली लागला, हे बुडाला धरण्याचं. दही लागलं, हे विरजण घट्ट बसण्याचं. आणि शेवटी कसं लागतंय, ते चवीचं.

लागणं आणि करपणं एक नव्हे. लागलेला भात बुडाशी चिकटलेला असतो, वास अजून वर चढलेला नसतो. अशा वेळी आच बंद करायची, चमचा तळाला अजिबात लावायचा नाही, वरचा भात अलगद दुसऱ्या भांड्यात काढायचा. तळ खरवडला की लागलेला वास सगळ्या भाताला लागतो आणि मग इलाज नाही. दुधासाठी पातेलं आधी पाण्याने विसळून, न पुसता, त्यातच दूध ओतावं. पातळ बुडाच्या पातेल्यात मोठ्या आचेवर दूध लागतंच, कारण तळाशी बसणारी दुधातली प्रथिनं आणि साखर हलायच्या आत तापतात.

विरजण न लागण्याची कारणं ठरलेली : दूध फार गार झालेलं, नाहीतर इतकं गरम की विरजणच मेलं. बोटाला सोसेल इतकं कोमट हवं, अर्धा लिटरला लहान चमचाभर विरजण पुरे, आणि एकदा ठेवलं की भांडं हलवायचं नाही.

आणखी एक जोडी सांगते. तोंडी लावणं म्हणजे चटणी, लोणचं, कोशिंबीर. तोंडी लागणं म्हणजे नको त्याच्याशी वाद घालणं. आणि खाल्लेलं अंगी लागलं, तर जेवण सार्थकी लागलं.

रोपवाटिकेत कलमं करणारा

'कलम लागलं' म्हणजे जोड जिवंत झाला. आंब्याच्या पाचर कलमात रोप आणि कलमकाडी, म्हणजे हव्या त्या झाडाची जोडायची डहाळी, सारख्याच जाडीची निवडायची. काडीला दोन्ही बाजूंनी तिरका काप देऊन पाचर करायची, रोपाच्या चिरेत बसवायची, पट्टीने करकचून बांधायची. सालीखालचा ओला थर निदान एका बाजूने तरी एकमेकांना भिडला पाहिजे. हे भिडणं म्हणजेच लागणं. काडी बारीक असेल तर मधोमध बसवू नये, एका कडेला सरकवावी. दोन-तीन आठवड्यांत डोळा फुगून कोवळी फूट आली की 'लागलं' म्हणायचं. काडी हिरवी दिसते म्हणून आधीच म्हणू नये, साठलेल्या रसावर ती तेवढे दिवस हिरवी राहू शकते. जोडात पाणी शिरलं, पट्टी सैल राहिली किंवा काप देऊन काडी सुकू दिली, तर कलम लागत नाही.

उसात 'लागण' म्हणजे नवी लावलेली कांडी. तो ऊस तुटल्यावर बुडख्यातून फुटतो तो खोडवा. 'आडसाली लागण', म्हणजे साधारण दीड वर्षाने तुटणारी, जुलै-ऑगस्टची. लागण हा शब्द शहरात कानावर पडला की आजार आठवतो, आमच्याकडे हंगाम आठवतो.

एसटीने रोज जाणारी

बस लागली : फलाटावर उभी आहे. मला बस लागते : मळमळतं. बोटीचंही असंच, धक्क्याला लागली किंवा प्रवाशाला लागली. रस्ता सांगताना तिसरं : पुढे डाव्या हाताला शाळा लागते. शाळा जागची हलत नाही, चालणाऱ्याच्या वाटेत येते, म्हणून हे फक्त वाटेवरच्या जागेसाठी. 'पुण्यात शाळा लागते' असं नाही म्हणत.

पौरोहित्य करणारा

लग्न होतं आणि लग्न लागतं, यात फरक आहे. लग्न होण्यात हळदीपासून वरातीपर्यंत सगळं आलं. लग्न लागतं ते एका क्षणी : मंगलाष्टकं संपतात, अंतरपाट दूर होतो, अक्षता पडतात, माळा घातल्या जातात. पत्रिकेतली वेळ त्या क्षणाची असते. गंमत म्हणजे 'लग्न' हा शब्दच संस्कृत 'लग्' धातूचा, म्हणजे जोडलेलं, चिकटलेलं. कुंडलीतलं लग्नही तेच : जन्मवेळी पूर्व क्षितिजाला लागलेली रास. सलग, संलग्न, लगत हे सगळे त्याच गोतातले.

तिथी लागते ती घड्याळाच्या कोणत्याही वेळी, दुपारी किंवा रात्रीही. म्हणून 'एकादशी आज लागते' आणि 'एकादशी आज आहे' ही वेगळी विधानं आहेत. दिवस साधारणपणे सूर्योदयाच्या तिथीवरून ठरतो. यजमान पहिलं ऐकून उपास धरतात, म्हणून दोन्ही वेळा स्पष्ट सांगाव्यात. सूर्यग्रहणाचे वेध चार प्रहर आधी लागतात, चंद्रग्रहणाचे तीन प्रहर, आणि प्रहर तीन तासांचा. 'सुट्टीचे वेध लागले' हे त्यावरूनच : गोष्ट आलेली नाही, पण तिचा अंमल सुरू झालाय. लागतात ते वेध नेहमी अनेकवचनी.

गाणं शिकवणारी

तंबोरा वाजतो सगळ्यांकडे, लागतो थोड्यांकडे. प, सा, सा, खर्ज अशा चार तारा मिळवून झाल्यावर घोडीवर तारेखाली असतो तो जवारीचा दोरा केसभर मागेपुढे सरकवायचा. एका जागी तारेचा आवाज उघडतो आणि गुंजन लांबत जातं. त्याला 'तंबोरा लागला' म्हणतात. खुंटी पिळून हे होत नाही, नवशिके खुंटीच पिळत बसतात. गळ्याचंही तसंच. सूर 'लावणं' आपल्या हातात, 'लागणं' सरावाने येतं.

गोव्याहून

कोंकणीत हाच धातू 'लागप'. शिवाय 'लागीं' म्हणजे जवळ : म्हजे लागीं, माझ्याजवळ. जुन्या मराठी कवितेतलं 'तुजलागी' वाचताना हे आठवावं. तिथे अर्थ 'तुला', 'तुझ्यासाठी', पण मुळात स्पर्शाएवढी जवळीक आहे.

मुद्रितशोधक

वर गाण्याच्या ताईंनी लावणं-लागणं आणलं, त्याला जोडून. 'दार लावलं' म्हटलं की लावणारा कुणीतरी आहे. 'दार लागलं' म्हटलं की वाऱ्याने किंवा आपोआप. बातमीत 'आग लावली' आणि 'आग लागली' यांत एका अक्षराने गुन्हा उभा राहतो, म्हणून हे दोन शब्द मी प्रत्येक वेळी मूळ मजकुराशी ताडून पाहते.

जुन्या कोशांत शब्द शोधताना 'लागणें' असा अनुस्वारासह बघावा. १९६२च्या शुद्धलेखन नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले, आधीच्या छापील मजकुरात ते असतातच.

आणि वचन सांभाळा. डोळा लागला म्हणजे झोप आली. डोळे लागले म्हणजे कुणाच्या तरी वाटेकडे बघत जागं राहणं. कथेत 'रात्रभर तिचा डोळा दाराकडे लागला होता' असं आलं, तर 'डोळे' करून घ्यावं लागतं.