ग्रीसचं बेट निवडताना: आधी वारा, मग बोट, शेवटी फोटो

ग्रीसमध्ये वस्ती असलेली बेटं दोनशेच्या वर, पण आपल्याकडच्या याद्यांत दोनच: सॅन्टोरिनी आणि मिकोनोस. जाणकारांनी लिहा. 'अप्रतिम आहे' पुरे झालं. किती तास, किती युरो, कुठे फसगत होते ते सांगा.

*

पहिला प्रश्न महिन्याचा. जुलै-ऑगस्टमध्ये एजियन समुद्रावर उत्तरेकडून मेल्टेमी नावाचा जोरदार वारा वाहतो. आभाळ निरभ्र, ऊन रणरणतं आणि वाऱ्याने वाळू पोटऱ्यांना टोचते. सॅन्टोरिनी, मिकोनोस, पारोस, नाक्सोस ही सायक्लेडीज बेटं त्याच्या थेट वाटेत. ब्युफोर्ट (वाऱ्याचा जोर मोजायची पट्टी) ८ झाला की मोठ्या बोटीही सहसा बंदरातच थांबतात, कॅटामरान (जोडसांगाड्याच्या जलद बोटी) त्याआधीच. तिथेच जायचं असेल तर दक्षिणेकडचा किनारा बघा. वारा नकोच असेल तर पश्चिमेची आयोनियन बेटं घ्या: कॉर्फू, केफालोनिया, लेफ्कादा. पाऊस जास्त म्हणून हिरवीगार. लेफ्कादाला तर बोटही लागत नाही, गाडी थेट बेटावर जाते.

*

वाऱ्याचं पटलं. आता बोट. अथेन्सच्या पिरेयस बंदरातून साध्या बोटीने नाक्सोस साडेपाच तासांच्या आसपास, सॅन्टोरिनी आठेक. जलद बोट बरेच तास वाचवते, पण महाग, आणि लाटा असल्या की आतल्या प्रवाशांची वाट लागते. डेकवर मोकळ्या हवेत उभं राहायची सोयही बहुधा नसते. ओकारीचा त्रास असेल तर मोठी, संथ बोटच बरी. आंद्रोस, तिनोस किंवा मिकोनोसला जायचं तर राफिना बंदर अथेन्सच्या विमानतळाला पिरेयसपेक्षा जवळ.

चढताना बॅगा खाली गाड्यांच्या मजल्यावर रॅकमध्ये टाकायच्या. रॅकवर बेटांची नावं असतील तर आपलंच बघून घ्या. मधल्या बेटांवर बोट काही मिनिटंच थांबते, म्हणून घोषणा झाली की लगेच खाली उतरून रॅम्पपाशी उभं राहायचं. साखळ्या खडखडत रॅम्प धक्क्यावर टेकतो आणि गाड्या, माणसं, बॅगा एकदमच सुटतात.

सात दिवसांत दोनच बेटं, तिसरं नको. बेट बदलायचा दिवस गेलाच म्हणून धरा. आणि परतीच्या विमानाच्या आदली रात्र अथेन्समध्येच काढा. बोट रद्द झाली तर बोटीचे पैसे परत मिळतील, विमानाचे कोण देणार?

*

१५ ऑगस्टच्या आसपास जाऊच नका. मेरीमातेचा मोठा सण, तिनोसला तर यात्राच. बोटी आणि खोल्या आधीच भरलेल्या.

*

पोहता न येणारे आणि लहान मुलं बरोबर असतील तर फोटोतला निळा रंग बघून किनारा निवडू नका. केफालोनियाचा मिर्तोस दिसायला देखणा, पण खडे आणि लगेच खोल पाणी. नाक्सोसचा आयोस योर्गोस गावातून चालत जाण्याजोगा, वाळूचा, बराच आतपर्यंत उथळ. क्रीटचा एलाफोनिसीही उथळ, पण क्रीट सुमारे २६० किलोमीटर लांब आहे. हेराक्लिओनला राहून तिथे 'जाऊन येऊ' म्हणणाऱ्यांनी आधी नकाशा बघावा. त्यासाठी मुक्काम पश्चिमेकडच्या हानियाला.

*

पोहायला मजा नाही म्हणून सॅन्टोरिनीवर टीका होणारच, पण ते समुद्रात डुंबायचं बेट नाहीच. तिथे जायचं ते ज्वालामुखीचं कडं बघायला; दोन रात्री पुरतात. कामारी आणि पेरिसाची काळी वाळू दुपारी अनवाणी पायांना भाजते. खोली ठरवण्याआधी हॉटेलला एकच विचारा: रस्त्यापासून खोलीपर्यंत पायऱ्या किती? बॅगा तिथे चाकांवर नाही, खांद्यावर जातात. शिवाय एप्रिल ते ऑक्टोबर हॉटेलात खोलीमागे रोज वेगळा कर पडतो. २०२५ च्या दराने चार तारांकितला १० युरो, पाच तारांकितला १५.

*

गाडी किंवा स्कूटर घ्यायची तर भारतीय लायसन्ससोबत आंतरराष्ट्रीय परमिट न्या; ते इथेच आरटीओत मिळतं, मुदत एक वर्ष. परमिटवर फक्त कारचा शिक्का असेल तर स्कूटर मिळाली तरी घेऊ नका. अपघात झाल्यावर विमा कंपनी पहिला तोच कागद बघते.

*

शाकाहारींसाठी: मेन्यूत 'लादेरा' शोधा, म्हणजे तेलात शिजवलेल्या भाज्या. फरसबी, भेंडी, ब्रिआम (मिश्र भाज्या). 'फावा' म्हणजे पिवळ्या डाळीचं घट्ट वरण, वर कच्चा कांदा आणि ऑलिव्ह तेल. पोळी नसली तरी पावाबरोबर पोटभरीचं. गेमिस्ता, म्हणजे भरलेले टोमॅटो-मिरच्या, मागवताना खिमा नाही ना हे विचारा. 'निस्तीसिमो' म्हणजे उपासाचं, पण त्यात ऑक्टोपस चालतो! 'आपला उपास' समजून बिनधास्त मागवू नका.

*

महाराष्ट्रातल्या शाळांच्या मेच्या सुट्टीत जाणाऱ्यांसाठी: गर्दी कमी, चालायला हवा उत्तम, पण समुद्र गार आणि लहान बेटांच्या बोटी कमी. मुलांना पाण्यात खेळायचंच असेल तर रोड्स किंवा क्रीट घ्या आणि पूल असलेली जागा बघा. शाळेचं बंधन नसेल तर सप्टेंबर: पाणी ऑगस्टइतकंच उबदार, वारा उतरलेला. व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. बोटींची वेळापत्रकं मात्र बरीच उशिरा लागतात, म्हणून अर्जात बेटांचा क्रम साधाच ठेवा.