सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला गुटी द्यावी का?

मृण्मयी (चर्चाप्रस्ताव)

बाळंतीण माहेरून सासरी निघाली की बाळाच्या सामानात सहाण आणि गुटीची पुडी असते, आणि ही रीत इतकी मुरलेली आहे की तिच्याविषयी शंका काढणेही अनेकींना अवघड जाते. वेखंड, हिरडा, मुरुडशेंग, सुंठ, हळकुंड, जायफळ, बदाम, खारीक यांचे वेढे (सहाणेवर घासायचे फेरे) उगाळून, ते आईच्या दुधात कालवून बाळाला चाटवले जातात. पहिले सहा महिने हे पूर्णपणे थांबवावे, असे माझे स्पष्ट मत आहे. या काळात बाळाला केवळ आईचे दूध द्यावे, वरचे पाणीसुद्धा देऊ नये आणि डॉक्टरांनी सांगितलेली औषधे, जीवनसत्त्वांचे थेंब किंवा जुलाबात लागणारी जलसंजीवनी एवढाच अपवाद करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आईच्या दुधात सुमारे ८७ टक्के पाणीच असते, त्यामुळे विदर्भातल्या उन्हाळ्यातही दूध नीट पिणाऱ्या बाळाला वेगळे पाणी लागत नाही.

काही घरांत गुटी मधात कालवतात, ते तर अधिकच घातक आहे. मधात क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात ते रुजून विष तयार करतात, आणि मग बद्धकोष्ठता, क्षीण रडणे, मान लुळी पडणे इथपासून श्वास अडखळण्यापर्यंत मजल जाते. वेखंडातील बीटा-ॲसरोन या, प्राण्यांवरील प्रयोगांत कर्करोगकारक ठरलेल्या घटकामुळे अमेरिकेने १९६८ साली खाद्यपदार्थांत वेखंड वापरण्यास बंदी घातली. मग तेच वेखंड तान्ह्या बाळाच्या जिभेवर रोज कशासाठी ठेवायचे?

कृष्णाकाठ

मृण्मयी, मधाबद्दलचे तुझे म्हणणे मला पूर्णपणे मान्य आहे आणि बाजारातल्या तयार गुटीचेही मी समर्थन करणार नाही. परंतु घरी उगाळलेल्या गुटीचे सारे मर्म मापात आहे, आणि ते तुझ्या मांडणीत आले नाही. लहान बाळाला प्रत्येक जिनसाचा एकेकच वेढा देतात, त्याने सहाणेवर जेमतेम ओल येते, आणि तेवढ्याने बाळाचे पोट भरून अंगावरचे दूध कमी होईल हे मला पटत नाही. शिवाय गुटी उगाळणारी बाई त्या निमित्ताने रोज बाळाची शी, जीभ, पोटाचा फुगवटा पाहते. शी पातळ झाली तर हिरडा बंद करते, पोटात कळ येत असेल तर मुरुडशेंगेचा वेढा वाढवते. रोजच्या रोज बाळाकडे इतक्या बारकाईने पाहणारे दुसरे कोण आहे? सहाण बंद झालेल्या घरांत रडणाऱ्या बाळासाठी ग्राइप वॉटरची बाटली आलेली मी पाहते, आणि ती बाटली बाळाचे पोट पाहून आपले माप बदलत नाही.

निरंजन

कृष्णाकाठ, ते पाहणे मोलाचे आहे आणि ते गुटीशिवायही करता येते. गुटीने कळ थांबते हा अनुभव मात्र तपासून पाहायला हवा. तान्ह्या बाळांचे असे अकारण, विशेषतः संध्याकाळचे, रडणे साधारण सहाव्या आठवड्यापर्यंत वाढत जाते आणि तीन-चार महिन्यांत बहुधा आपोआप ओसरते. या काळात जे काही द्याल त्याला गुण आल्यासारखे वाटणारच. सहाणेचे, हातांचे आणि महिनोन्‌महिने डब्यात राहिलेल्या खारकेचे जंतू मात्र वेढ्याच्या मापाने कमी होत नाहीत.

आयुर्वेदाचा विद्यार्थी

काश्यपसंहिता या बालचिकित्सेवरील आयुर्वेदीय ग्रंथात लेहन, म्हणजे बाळाला चाटण देणे, हा स्वतंत्र विषय आहे, परंतु कोणत्या बाळाला चाटण द्यावे आणि कोणाला देऊ नये याचाही विचार तिथे केलेला आहे. सरसकट प्रत्येक बाळाला, तेही पुडीवरच्या यादीनुसार द्यावे, याला त्या ग्रंथाचा आधार सांगता येणार नाही. ज्यांना गुटी द्यायचीच आहे त्यांनी बाळ वैद्याला दाखवून मगच द्यावी. बाळ दूध ओढत असेल, दिवसातून सहा-सात वेळा लघवी करत असेल आणि त्याचे वजन वाढत असेल, तर त्याला कोणत्याही चाटणाची गरज आहे असे मला वाटत नाही.

सायली

आपण सारे बाळाच्या पोटाविषयी बोलत आहोत. मला बाळ कोणाजवळ असते याविषयी बोलायचे आहे. मातृत्व लाभ कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीनंतर नोकरदार स्त्रीला पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते, पण धुणीभांडी करणारी किंवा शेतात मजुरीला जाणारी आई त्याच्या कितीतरी आधी कामावर जाते आणि बाळ आजीच्या मांडीवर असते. तिथे गुटीला नाही म्हणायचे म्हणजे जिच्या भरवशावर घर सोडायचे तिच्याशीच वैर घ्यायचे, आणि हे काम आपण ओल्या बाळंतिणीवर टाकून मोकळे होतो.

मृण्मयी

सायली, तुमचा मुद्दा रास्त आहे. माझे मत कायम आहे, परंतु नकार देण्याचे काम सुनेचे नसावे, हे मला पटते. लसीकरणाला बहुतेक ठिकाणी आजी बरोबर असतेच. डॉक्टरांनी आणि आशाताईंनी तिथे थेट तिच्याशी बोलावे, मध आणि वरचे पाणी का नको ते तिला समजावून सांगावे, आणि बाळाच्या लघवी-शीवर, वजनाच्या तक्त्यावर नजर ठेवण्याचे काम तिच्याकडेच सोपवावे.

कृष्णाकाठ

असे कोणी समोर बसवून, कारणासहित सांगितले, तर सहा महिने सहाण बाजूला ठेवायला माझी हरकत नाही. पण सहाव्या महिन्यानंतर काय, तेही त्यांनी सांगावे. वेखंड सोडून खारीक-बदाम तेव्हा चालतील का?

निरंजन

सहा महिने पूर्ण झाल्यावर खारीक आणि बदाम अगदी बारीक वाटून वरच्या आहारात जरूर द्यावेत. अख्खा बदाम मात्र चार-पाच वर्षांपर्यंत हातात देऊ नये, कारण तो श्वासनलिकेत अडकू शकतो.