पाच किल्ले, वीस सैनिक: संगणकाचा खेळाडू सहज का हरतो?

प्रश्न (पटमांडणी)
कर्नल ब्लॉटोच्या (गुपचूप सैन्य वाटून लढण्याचा गणिती खेळ) धर्तीवरचा खेळ फोनसाठी करतोय. किल्ले 5, दोघांकडे प्रत्येकी 20 सैनिक. दोघंही गुपचूप वाटणी करतात, मग सगळे किल्ले एकदम उघडतात. जास्त सैनिक त्याचा किल्ला, बरोबरी झाली तर कुणाचाच नाही. संगणक एकेक सैनिक यादृच्छिक किल्ल्यावर टाकतो. दहा डावांत लोक त्याला ओळखतात आणि मग हरतच नाहीत. चूक कुठे आहे?

उत्तर 1 (शून्यबेरीज)
चूक सैनिक टाकण्याच्या पद्धतीत आहे. एकेक सैनिक टाकला की प्रत्येक किल्ल्यावरचा आकडा 4 च्या आसपासच घुटमळतो. 5 किंवा कमी येण्याची शक्यता तब्बल 80 टक्के. म्हणून समोरच्याने 5-5-5-5-0 एवढंच लावलं तरी त्याला दर डावाला सरासरी पाऊण किल्ल्याची आघाडी मिळते.

प्रत्येक किल्ल्यावर 0 ते 8 पैकी कुठलाही आकडा सारख्याच शक्यतेने यायला हवा, आणि बेरीज मात्र दर वेळी 20 च. हे असं जमतं. पहिल्या तीन किल्ल्यांसाठी या नऊ ओळींतली एक चिठ्ठी काढा:

0-4-8, 1-8-3, 2-3-7, 3-7-2, 4-2-6, 5-6-1, 6-1-5, 7-5-0, 8-0-4

प्रत्येक ओळीची बेरीज 12, आणि प्रत्येक उभ्या रांगेत 0 ते 8 एकेकदाच. उरलेल्या दोन किल्ल्यांवर 0 ते 8 मधला एक आकडा आणि 8 मधून तो वजा केलेला आकडा. झाले 20.

आता समोरच्याने एखाद्या किल्ल्यावर x सैनिक लावले, तर 8 पर्यंत त्याचा सरासरी फायदा (किल्ला जिंकला तर +1, गेला तर −1 धरून) (2x−8)/9. पाचही किल्ल्यांची बेरीज बरोबर शून्य, मग वाटणी कशीही असो. 8 च्या वर गेला तर त्याचंच नुकसान: नवव्या सैनिकाचं मोल निम्मं, दहाव्याचं काहीच नाही.

उत्तर 2 (कोडघर)
वरची रीत सुंदर आहे, पण आधी सांगा, गुण कसे मोजता? किल्ल्यांचा फरक मोजत असाल तरच ती हमी टिकते. ‘ज्याचे किल्ले जास्त तो डाव जिंकला’ असा नियम असेल तर खेळच बदलतो. तिथे 3 किल्ले एकेका सैनिकाच्या फरकाने मारले काय आणि पाचही मारले काय, फळ एकच.

पटमांडणी
जास्त किल्ले तो विजेता, असाच नियम आहे.

कोडघर
मग रिग्रेट मॅचिंग वापरा, म्हणजे संगणक स्वतःशीच अनेक फेऱ्या खेळतो आणि ‘हे खेळलो असतो तर बरं झालं असतं’ याच्या हिशेबावरून शिकतो. वाटण्या 10,626 आहेत, पण किल्ले सारख्याच मोलाचे असल्यामुळे क्रम सोडला तर फक्त 192 प्रकार उरतात. प्रकारांच्या प्रत्येक जोडीसाठी एक वाटणी स्थिर ठेवून दुसरीचे 120 क्रम फिरवा आणि जिंकल्यास +1, हरल्यास −1 धरून सरासरी काढा. एकूण 44 लाखांच्या आसपास तुलना होतात, एवढंच काम.

मग प्रत्येक फेरीत, सध्याच्या मिश्रणापेक्षा (कुठला प्रकार किती शक्यतेने खेळायचा ते) प्रत्येक प्रकाराने किती जास्त मिळवलं असतं ते त्याच्या खात्यात जमा करत जा. ऋण खाती शून्य धरा, उरलेल्यांच्या प्रमाणात पुढच्या फेरीच्या शक्यता ठरवा. हमखास होणारी चूक इथेच: शेवटच्या फेरीचं मिश्रण वापरलं जातं. ते गोल गोल फिरत राहतं. खेळायला घ्यायची ती सगळ्या फेऱ्यांची सरासरी. हे एकदाच संगणकावर चालवा आणि ॲपमध्ये 192 आकड्यांचा तक्ता तेवढा टाका.

निवडलेला प्रकार किल्ल्यांवर लावताना फिशर-येट्स पद्धतीनेच (सगळे क्रम सारख्याच शक्यतेने देणारी पिसण्याची रीत) पिसा. सॉर्टला यादृच्छिक तुलना देऊन पिसलं तर काही क्रम जास्त वेळा येतात आणि सराईत खेळाडू ते हेरतो.

शून्यबेरीज
एक भर. समतोल खेळणारा, म्हणजे या तक्त्यातूनच खेळणारा, संगणक सहसा फसत नाही, पण कच्च्या खेळाडूच्या चुकांचा पुरेपूर फायदाही उठवत नाही. माणसं 5 आणि 10 वर फार अडतात. म्हणून ‘कठीण’ पातळीवर 10 पैकी 7 डाव तक्त्यातून, आणि 3 डाव समोरच्याच्या मागच्या 15 वाटण्यांना सर्वांत भारी पडणारी वाटणी शोधून खेळवा. तीनाच्या वर नेऊ नका. मुद्दाम ठरावीक वाटण्या दाखवून सापळा लावणारे लगेच भेटतात.

आणि पुढे किल्ल्यांना वेगवेगळं मोल द्यायचं ठरवलंत तर 192 ची सोय संपली, कारण मग क्रमाला अर्थ येतो. सगळ्या 10,626 वाटण्या घ्याव्या लागतील, म्हणजे प्रत्येक जोडीला एक असे 11 कोटींहून जास्त रकाने. एकेक बाइट धरला तरी 113 एमबी, तेव्हा हा हिशेब फोनवर करू नका.