मिरर रोज नव्याने उतरवू नका
दादा, लातूरच्या कॉलेजातला डेबियनचा मिरर (डेबियन या लिनक्सच्या सॉफ्टवेअर-साठ्याची जवळ ठेवलेली प्रत) रोज रात्री पुसून अख्खा नव्याने उतरवता म्हणालात, म्हणून लिहितोय. आरसिंक (दोन ठिकाणच्या फाइली जुळवून ठेवणारा प्रोग्राम) लावा की! १९९६ पासून आहे ते. आकार आणि बदलाची वेळ जुळली की फाइलला हातच लावत नाही. बदललेली असेल तर तुकड्यांचे चेकसम (मजकुरावरून काढलेले पडताळणीचे आकडे) ताडून फक्त वेगळा भाग आणतं. प्रत्येक फाइलचा चेकसम तपासायचा पर्याय रोज नको, दोन्हीकडच्या डिस्क उगाच राबतात.

आणि क्रम सांभाळा, हे फार महत्त्वाचं. आधी पॅकेजं (सॉफ्टवेअरच्या फाइली), मग त्यांच्या याद्या, जुन्या फाइली सगळ्यात शेवटी काढायच्या. उलटं केलं आणि मधेच लाइट गेली, तर यादीत नाव दिसतं पण फाइल सापडत नाही. लॅबमध्ये इन्स्टॉल करत बसलेल्या पोरांचं तिथंच अडतं.